एकमेकांची वाट पाहा

प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या, रविवारी आमच्या मंडळीत वाचायचा शास्त्रपाठ ठरलेला आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११, वचनं २३ ते २६. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, इथून सुरुवात. तो येईपर्यंत तुम्ही त्याचा मृत्यू प्रगट करता, इथे शेवट. एवढं वाचून पाळकसाहेब पुस्तक मिटतात आणि मेजेवरचं पांढरं कापड उचललं जातं. ही चार वचनं मला लहानपणापासून तोंडपाठ आहेत, तरी ती ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

घरी वाचताना मात्र मी १७व्या वचनापासून सुरू करते आणि अध्याय संपेपर्यंत थांबत नाही. कारण ती चार वचनं एका भांडणाच्या मधोमध आहेत, आणि ते भांडण कळल्याशिवाय मला तरी त्यांचा अर्थ पुरता लागत नाही. ३३वं वचन अगदी साधं आहे. कुणी चौकटीत बसवून भिंतीवर लावणार नाही असं. "म्हणून माझ्या बंधूंनो, तुम्ही भोजन करायला एकत्र जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा." प्रभुभोजनाबद्दल आजवर जे वाचलं, ऐकलं, त्या सगळ्यात मला हे वचन सर्वांत मोलाचं वाटतं.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला चर्चची इमारत नव्हती. ऐपत असलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याच्या घरी सगळे जमायचे, आणि प्रभूची भाकर व प्याला हे खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबरच व्हायचं. रविवार तेव्हा सुटीचा वार नव्हता. ज्यांचा वेळ त्यांच्या हातात होता ते आधी येऊन बसायचे, आणि जे कुणाचे गुलाम होते, रोजावर राबत होते, ते काम आटोपून उशिरा पोहोचायचे, असं चित्र बरेच अभ्यासक उभं करतात. तोवर ताटं रिकामी झालेली असायची. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने शब्द चावलेले नाहीत: एक भुकेला राहतो, तर दुसरा प्यायलेला असतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं तो थेट विचारतो. तुम्ही एकत्र जमून जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच, इथवर त्याची मजल जाते.

आणि एवढं खडसावल्यावर तो त्या रात्रीची आठवण काढतो. हे पत्र साधारण इ.स. ५४च्या सुमाराचं मानलं जातं. चार शुभवर्तमानांतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं मार्काचं शुभवर्तमानही त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आपल्या हातातली सर्वांत जुनी लेखी नोंद उशिरा आलेल्या भुकेल्या माणसांमुळे झाली आहे. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही म्हणून पौलाला ती रात्र लिहून काढावी लागली. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

याच अध्यायातल्या एका इशाऱ्याने फार माणसं मेजेपासून दूर ठेवली आहेत. जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरेल, असं पौल म्हणतो. आमच्या मंडळीत एक आजी होत्या. भोजनाच्या वेळी त्या मान खाली घालून बसून राहायच्या, तबक आलं की न बघता पुढे सरकवायच्या. "माझं मन शुद्ध नाही गं," एवढंच म्हणायच्या. तरुणपणी बहिणीशी जमिनीवरून बिनसलं होतं आणि समेट होण्याआधीच ती बहीण गेली होती. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. करिंथमध्ये पौल ज्यांच्यावर रागावला ती माणसं मन खात असलेली नव्हती. ती स्वतःवर खूश होती. ती पोटभर जेवली होती आणि शेजारी कोण उपाशी बसलंय हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आत्मपरीक्षण करा हे पौल त्यांना सांगतो, आणि परीक्षण करून मग खा असं सांगतो. परीक्षण करून उठून जा असं नाही.

स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापासून पुढे कितीतरी पिढ्या चर्चची पुढारी मंडळी घरोघर जाऊन लोकांचा विश्वास आणि वागणूक तपासायची आणि जे पात्र ठरतील त्यांना शिशाचं एक छोटं नाणं द्यायची. ते नाणं दाखवलं तरच मेजेवर जागा. त्यामागचं गांभीर्य मला कळतं. पवित्र गोष्ट हलक्यात घेतली जाऊ नये ही काळजी खरीच आहे. पण लूकाच्या शुभवर्तमानातलं त्या भोजनाचं वर्णन वाचा. भाकर मोडून, प्याला देऊन झाल्यावर प्रभू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर याच मेजेवर आहे. यहूदा तिथे होता. कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणारा पेत्रही होता. आपल्यात मोठा कोण यावर वाद घालणारे बाकीचे होते. पहिल्या प्रभुभोजनाला शिशाचं नाणं मिळालं असतं असा त्यांच्यात मला तरी एक दिसत नाही.

त्या आजींना शेवटी पाळकसाहेबांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, तो त्या दोघांमधला विषय. पण पुढे एका पुनरुत्थानाच्या रविवारी तबक त्यांच्यापाशी आलं आणि त्यांनी भाकर घेतली. शेजारच्या बाईने त्यांचा हात धरून ठेवला होता.

आता थोडं मेजेबद्दल, कारण ती लावण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते फार आवडतं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आदल्या संध्याकाळी मी कापड इस्त्री करते, तबकं आणि प्याल्या पुसून ठेवते. प्याल्या म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोड्या उंच, काचेच्या, गोल भोकं पाडलेल्या तबकात बसणाऱ्या. त्या भरायला लांब चोचीची एक झारी आहे. घाई केली की रस तबकात सांडतो आणि मग पेला उचलणाऱ्याची बोटं चिकट होतात, म्हणून मी एकेक प्याली दोन तृतीयांशच भरते. भरताना नावं आठवत जाते. कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, कुणाच्या घरी महिन्यापूर्वीच मयत झालं, कोण पुष्कळ दिवसांत दिसलेलं नाही. येणाऱ्यांपेक्षा थोड्या जास्तच प्याल्या भरायच्या हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. न सांगता येणाऱ्यासाठी.

अशा छोट्या प्याल्या काही फार जुन्या नाहीत. रोगजंतूंचं ज्ञान लोकांपर्यंत पोहोचलं तेव्हा, १८९०च्या दशकात, अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्या सुरू झाल्या. मद्य नसलेला द्राक्षरसही त्याच्या आधी थोडाच काळ आला. थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने १८६९मध्ये पाश्चरच्या पद्धतीने रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती साधली, आणि ती साधली ती आपल्या चर्चच्या मेजेसाठीच. व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसाला प्रभूच्या मेजेवर भीती वाटू नये हा विचार त्या काळच्या दारूबंदी चळवळीत होता. मला स्वतःला एकच मोठा प्याला हातोहात फिरलेला अधिक आवडतो. पण आमच्यातला एक गृहस्थ बरीच वर्षं दारूपासून दूर आहे, आणि तो ज्या निश्चिंत मनाने प्याली उचलतो ते पाहिलं की माझी आवड मी मुकाट्याने बाजूला ठेवते.

भाकरीचंही तसंच. आमच्या एका तरुण मुलीला सिलिॲक आजार आहे, गव्हाचा कणही तिला चालत नाही. तिने ते येऊन सांगितल्यापासून तिच्यासाठी गव्हाविना केलेल्या भाकरीची वेगळी झाकलेली बशी असते, आणि ती मी सगळ्यात आधी, हात धुऊन, दुसऱ्या भाकरीला हात लावण्यापूर्वी ठेवते. कॅथलिक मंडळीत भाकर गव्हाचीच हवी असा नियम आहे. तिथे अशा व्यक्तीसाठी ग्लुटेन (गव्हातलं त्रासदायक प्रथिन) अगदी कमी असलेली होस्तिया, म्हणजे त्यांची पातळ गोल भाकर, चालते, किंवा तिने फक्त प्याल्यातून घेतलं तरी चालतं, कारण भाकरीत काय किंवा प्याल्यात काय, ख्रिस्त पूर्णच असतो अशी त्यांची शिकवण आहे. वाट निराळी, पण तिथेही कुणीतरी थांबून विचार केलेला आहे.

ख्रिस्त भाकरीत कसा असतो हा प्रश्न माझ्यासारखीने सोडवावा असा नाही. १२१५च्या लॅटरन परिषदेने भाकर आणि द्राक्षारस यांचं मूलतत्त्वच ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात बदलतं असं ठरवलं. १५२९मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंग्ली, समोरासमोर बसले, तेव्हा ल्यूथरने खडूने मेजेवर "हे माझं शरीर आहे" हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि त्यावरून तो हटला नाही. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचं एकमत झालं होतं. उरलेल्या एकाने सुधारणेच्या चळवळीची दोन घरं झाली. प्रभू तिथे आहे, खराखुरा आहे, आणि तो स्वतः देतो म्हणून मी घेते, एवढं मला पुरतं. कसा, ते त्याला माहीत.

कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, या प्रश्नाने मात्र मला झोप येत नाही. मध्ययुगात पश्चिमेच्या चर्चमध्ये सामान्य माणसाला फक्त भाकर मिळायची, प्याला धर्मगुरूंपुरता राहिला होता. १४१४मध्ये प्रागमध्ये याकोबेक नावाच्या धर्मगुरूने लोकांना पुन्हा प्याला द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्यावर बंदी घातली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ६ जुलै १४१५ रोजी, प्रागचाच सुधारक धर्मोपदेशक यान हुस याला जिवंत जाळलं. त्याच्यावरचे आरोप आणखी बरेच होते, पण त्याच्या अनुयायांनी आपल्या निशाणावर जे चित्र घेतलं ते प्याल्याचं. शेतकरी, विणकर, बायाबापड्या एका घोटासाठी लढायला उभ्या राहिल्या. त्या युद्धात जे रक्त सांडलं त्याचं मी समर्थन करू शकत नाही. पण आम्हालाही प्याला द्या ही त्यांची हाक करिंथच्या उशिरा आलेल्या माणसांचीच हाक आहे, असं मला वाटतं. कॅथलिक चर्चमध्ये सामान्यांसाठी प्याला पुन्हा खुला झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात. साडेपाचशे वर्षांची वाट.

आणि वाट अजून संपलेली नाही. माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कॅथलिक चर्चमधलं तिचं पहिलं प्रभुभोजन, होता तेव्हा मी मिस्साला, त्यांच्या उपासनेला, गेले होते. साधारण सातव्या वर्षापासून मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा हे १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना कितीतरी मोठं होईपर्यंत थांबावं लागे. पांढऱ्या झग्यातली ती पोर हात जोडून पुढे गेली आणि परत येताना तिचा चेहरा असा काही उजळलेला होता की तिची आई रडायला लागली. मी रांगेत गेले, पण हात छातीवर दुमडून. म्हणजे धर्मगुरू ओळखतात की हिला आशीर्वाद द्यायचा आहे, ख्रिस्तप्रसाद नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर मायेने हात ठेवला. एका मेजेवर बसायचं तर आधी विश्वासात आणि मंडळीत एक व्हायला हवं, हे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचं म्हणणं मी समजून घेतलं आहे. ते आडमुठेपणातून आलेलं नाही. भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, हे पौलाचंच वचन ते गंभीरपणे घेतात. तरीही जागेवर येऊन बसल्यावर मला दुखलं, आणि ते दुखणं योग्यच आहे असं मी मानते. ते दुखेनासं झालं तर आपण वाट पाहणं सोडून दिलं असा त्याचा अर्थ होईल.

१९८२मध्ये पेरू देशातल्या लीमा इथे प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक ईशज्ञानी एकत्र बसले आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन व सेवापद यांवर एक निवेदन त्यांनी तयार केलं. पित्याची उपकारस्तुती, ख्रिस्ताचं स्मरण, आत्म्याला आवाहन, विश्वासणाऱ्यांची सहभागिता, देवाच्या राज्याचं भोजन, असं ते प्रभुभोजनाकडे पाहतं. चारशे वर्षं जे एकमेकांच्या मेजेला नावं ठेवत होते त्यांना एवढं एकत्र म्हणता आलं. मेज अजून एक झालेली नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र उपासना संपल्यावर आशीर्वाद दिलेल्या भाकरीचे तुकडे वाटतात, अँटिडोरॉन म्हणतात त्याला. तो काही ख्रिस्तप्रसाद नव्हे, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो पाहुण्यालाही मिळतो. मेजेवर जागा देता येत नसेल तरी पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, ही त्यातली माया मला फार भावते.

२०२०मध्ये करोनामुळे चर्चचे दरवाजे बंद झाले तेव्हा हा प्रश्न प्रत्येक मंडळीच्या दारात आला. काहींनी घरोघरी मोबाइल-टीव्हीच्या पडद्यासमोर भाकर आणि रस ठेवून प्रभुभोजन केलं. कॅथलिकांनी पडद्यावर मिस्सा पाहून मनाने ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याची प्रार्थना म्हटली. आमच्या मंडळीने थांबायचं ठरवलं. पुष्कळांना ते रुचलं नाही, आणि ज्यांनी घरी केलं त्यांच्या भुकेला मी नावं ठेवणार नाही. पण माझं मत थांबण्याच्या बाजूने होतं. प्रभुभोजनात आपली भाकर आपण स्वतः उचलून घेत नाही. कुणीतरी दुसरा ती आपल्या हातावर ठेवतो, पाळकसुद्धा ती प्रभूच्या वतीनेच देतो. स्वतःच्या स्वयंपाकघरातून आणून स्वतःच्याच हाताने खाल्लेल्या भाकरीत मला तो देणारा हात सापडत नव्हता. शिवाय ज्या वृद्धांकडे पडदाच नव्हता त्यांना सोडून आपण जेवायचं का, हा प्रश्न होताच.

आजारी माणसापर्यंत मेज नेण्याची रीत मुळातली आहे. जस्टिन नावाच्या विद्वानाने इ.स. १५५च्या सुमारास रोमच्या सम्राटासाठी ख्रिस्ती उपासनेचं वर्णन लिहिलं. त्यात तो सांगतो की भाकर आणि प्याला हजर असलेल्यांना दिल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो वाटा घेऊन जातात. पाळकसाहेबांबरोबर मी ज्या घरी जाते तिथे एक गृहस्थ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. गिळताना ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी कोरडं काही द्यायला मनाई केली आहे. पाळकसाहेब भाकरीचा मोहरीएवढा कण रसात भिजवून चमच्याच्या टोकाने त्यांच्या जिभेवर ठेवतात आणि तो विरघळेपर्यंत आम्ही कुणीच काही खात नाही. त्याला वेळ लागतो. त्यांची पत्नी रुमाल घेऊन शेजारी वाकलेली असते. त्यांनी डोळ्यांनी खूण केली की मग तिला, मग मला, आणि शेवटी पाळकसाहेब स्वतः घेतात.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकाच्या १६६२च्या आवृत्तीत आजाऱ्याच्या घरच्या प्रभुभोजनाबद्दल दोन सूचना आहेत, त्या मी पाळकसाहेबांना दाखवल्या. आजाऱ्याबरोबर भोजन घ्यायला आणखी निदान दोघं-तिघं असावेत, ही पहिली. प्लेगसारख्या साथीत संसर्गाच्या भीतीने शेजारीपाजारी कुणीच यायला तयार नसेल तर, आजाऱ्याने मुद्दाम विनंती केल्यास, पाळकाने एकट्यानेच त्याच्याबरोबर भोजन घेतलं तरी चालेल, ही दुसरी. म्हणजे मरणाची भीती असतानाही आजाऱ्याला एकटं जेवू द्यायचं नाही. पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग आपण दोघंच का जातो?

तेव्हापासून चर्चच्या दाराशी एक वही ठेवली आहे. पुढच्या भेटीला कोण येणार ते ज्याने त्याने लिहायचं. गव्हाविना भाकर घेणाऱ्या त्या मुलीने पहिलं नाव लिहिलं. तिची बशीही आता त्या घरी जाणाऱ्या डब्यात असते.